नोकरी मीच निवडणार

३ जुलै, सकाळी ८.
दातांचा डॉक्टर झालो. नोकरी शोधायची नाही, निवडायची. शोधतात ते गरजू. वहीत तीन रकाने आखले: चकचकीत मोठं क्लिनिक, सरकारी दवाखाना आणि मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. तिसरा रकाना निव्वळ आईच्या आग्रहाखातर.

५ जुलै.
मोठ्या क्लिनिकला अर्ज. अटी स्पष्ट लिहिल्या: स्वतंत्र केबिन, शनिवारी सुट्टी, अक्कलदाढा शक्यतो नकोत. भीती वगैरे नाही, माझा कल सौंदर्याकडे आहे. ताई म्हणाली, शेवटची अट खोड. खोडली नाही. माणसाने स्वतःची किंमत ओळखावी.

११ जुलै, दुपारी.
इंटरव्ह्यू झकास! मॅनेजरने विचारलं, स्वतःच्या हाताने किती दात काढलेत? म्हटलं, आकड्यांत मी अडकत नाही. एखादा तरी? मग मी टीमवर्कवर बोललो. कॉलेजात सुरुवात मी करायचो, शेवट माझी पार्टनर. तेवढा वेळ मी डोळे मिटून एकाग्र व्हायचो. शेवटी दात मॅनेजरनेच काढले. पोट धरून हसला. माणसं जोडण्याची कला माझ्यात आहेच.

१४ जुलै.
फोन आला. माझं बोलणं गोड आहे म्हणे, रिसेप्शनवर बसाल का? बाणेदारपणे नाही म्हटलं. म्हणजे पहिली नोकरी मी नाकारली. याची नोंद असावी.

१६ जुलै.
सरकारी दवाखाना. जागा एक, अर्ज दोनशे. बाहेरच्या बाकांवर गाल धरून बसलेली माणसं. मला गर्दी मानवत नाही. रकाना खोडला.

१८ जुलै, रात्री जेवणानंतर.
बाबांची दाढ आठवडाभर ठणकतेय. मला बघ म्हणाले. म्हटलं, नात्यातल्यांवर उपचार करू नयेत. बाबा दुसऱ्या बाजूने चावत राहिले.

१९ जुलै.
बाबा मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे निघाले. सोबत गेलो, मुलगा म्हणून. खुर्ची जुनी, पण हत्यारं लखलखीत. बाईंनी तपासलं, इंजेक्शन दिलं, दाढ हलवून हलवून सैल केली आणि मनगट चोळत मला म्हणाल्या, "हात भरून आला माझा. पुढचं तू कर. शिकलास कशाला?"
मी म्हटलं, मी आज पाहुणा आहे.
बाबांनी तोंडातली नळी बाजूला केली. म्हणाले, "कर रे. मी काही पळून जात नाही."
पकड हातात घेतली. घाम माझ्या कपाळावर, रुमाल बाबांनी पुढे केला. दाढ बाहेर आली. मी भिंतीला टेकलो. बाईंनी खुर्चीतून आधी बाबांना उठवलं, मग तिथे मला बसवलं.
निघताना म्हणाल्या, सोमवारी ये. महिनाभर शेजारी उभं राहून बघायचं. तोंड बंद ठेवून.
विचार करून कळवतो म्हटलं. जिना उतरण्याआधीच कळवलं.

१९ जुलै, संध्याकाळ.
घरी आईने विचारलं, कुणी काढली? बाबांच्या तोंडात कापूस, म्हणून मीच सांगितलं: मी. अवघड केस, तीन मुळं, वेगळं तंत्र. आई ऐकत राहिली. तिने शेजारीणकाकूंना बोलावलं, त्यांच्यासाठी मी पुन्हा सांगितलं. ताईने बाजूला नेऊन विचारलं, एवढ्यावर थांबतोस का? तोपर्यंत बाबांनी कापूस काढला.
म्हणाले, "सैल बाईंनी केली होती. याने नुसती उचलली."
सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
"पण उचलताना," बाबा म्हणाले, "याचे डोळे उघडे होते."