दलालांची बोली मनकर्णेच्या नावे

हा कागद फार उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल माझ्या दोन्ही लेकरांनी मला माफ करावं. दर गुरुवारी बाजारातून आलो की लिहीन म्हणायचो आणि राहून जायचं. दिवाळीपासून छाती भरून येते. आता धीर धरवत नाही.

मी कारभारी बन्सी पठाडे, वय सत्तरीच्या पुढं, धंदा जनावरांची दलाली, राहणार जाधवमंडी, औरंगाबाद, शिक्षण उर्दू तिसरी, असं लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, मी नशेत नाही. माझ्यामागं भांडण होऊ नये म्हणून लिहितो. होईल, अशी भीती वाटते.

कलम एक. घराची पुढची खोली मुलगा रामकिसन याची. मागची मुलगी मनकर्णा हिची. तिला नवऱ्यानं टाकल्यापासून ती तिथंच राहते. न्हाणी दोघांची. रामकिसन नांदेडला गिरणीत असतो, म्हणून त्याच्या खोलीला कुलूप लावू नये, पाली होतात.

कलम दोन. पोस्टातल्या पैशातून माझं दिवसकार्य साधं करावं, उरेल ते दोघांनी सारखं घ्यावं. तेराव्याला कडूबा दलालाला जेवायला बोलवावं, पण पहिल्या पंगतीला बसवू नये.

कलम तीन. हे मुख्य. निजाम गेला त्या पोलीस ॲक्शननंतर छावणीचा बाजार पुन्हा भरू लागला तेव्हापासून लिंबाखाली माझी बैठक आहे. ती बैठक आणि आम्हा दलालांची बोली मी मनकर्णेला देतो.

हा कागद उतरवून घेणारे अर्जनवीस अनंतराव इथं थांबले. म्हणाले, "कारभारी, घर लिहा, भांडी लिहा. शब्द कसे वाटून देणार?"

मी म्हटलं, "साहेब, घरानं पोट भरत नाय."

वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. गिऱ्हाइकासमोर भाव कळू नये म्हणून आम्ही आकड्यांना वेगळी नावं ठेवतो. चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, शंभर म्हणजे बिटी. एवढी जुनी माणसं जाणतात, म्हणून लिहिली. बाकीची लिहीत नाही; हा कागद रजिस्ट्रीत जाईल, कोणीही वाचेल. मनकर्णेला सगळी तोंडपाठ आहेत.

ती मी शिकवली नाहीत. लहानपणी भाकरी घेऊन यायची, ऐकून शिकली. एकदा करमाडची विधवा भागूबाई बैलजोडी घेऊन आली. व्यापाऱ्यानं कडूबाला मुळू बिटी, म्हणजे पाचशेची तयारी सांगितली. कडूबा तिच्यासमोरच त्याला म्हणाला, "पोकू बिटीत आटपा, बाईला नड हाय." मनकर्णा भाकरी सोडता सोडता म्हणाली, "मावशे, चारशेला व्हय म्हणू नको. त्यायची पाचशेची तयारी हाय."

सगळा बाजार हसला. कडूबा म्हणाला, "कारभारी, लेकीला वकील करा!"

मी म्हटलं, "वकील फी घेतो. हिनं फुकट सांगितलं." भागूबाईला पाचशे मिळाले, पण कडूबानं ते आजवर विसरलेलं नाही.

आता तोच बाजारातला वडील, म्हणजे सगळ्यांचा मुख्य दलाल आहे. बैठक मुलाकडं जाते, हा आमचा रिवाज. मुलाला नको असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं तसं लिहून द्यावं लागतं, नाही तर वडील दलाल म्हणेल तो बसतो. कडूबाला भाचा बसवायचा आहे.

महिन्यापूर्वी एका गुरुवारी मी त्याला मनकर्णेला बसवण्याबद्दल विचारलं. आम्ही उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतो. तो चारचौघांत म्हणाला, "बाईमाणसाची बोटं कोण धरणार? तुमच्या जावयानं हात धरला नाय, आम्ही धरावा व्हय?"

मनकर्णा माझ्या शेजारीच उभी होती. तीच म्हणाली, "कडूबामामा, बोटं तुमची तुम्हाला ऱ्हाऊ द्या. मी तोंडानं भाव करीन. बोली मला तुमच्याइतकीच येते."

एकदोघा दलालांनी होकाराच्या माना हलवल्या. तेव्हा कडूबा म्हणाला, "रामकिसनचं लेखी आणा. गुढीपाडव्याला बैठका ठरतात. आलं तर हिला बसू द्या, मी तुमच्या कागदावर सही करतो."

कलम चार. बैठक मनकर्णेला मिळाली तर तिनं बोली आपल्यापाशी ठेवावी, पण विकणारा नडलेला असला तर त्याच्यासमोर ती वापरू नये. ती तशीही वापरणार नाही. तरी लिहून ठेवतो.

ठिकाण औरंगाबाद, तारीख ३ मार्च १९६३.
लिहून ठेवणार: कारभारी बन्सी पठाडे
साक्षीदार: १. अनंतराव वैजनाथ देशपांडे, अर्जनवीस (सही केली)
२. कडूबा दलाल (सहीची जागा मोकळी ठेवली आहे)

रामकिसन, या कागदाची नक्कल तुला पाठवतो. तुला दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. कडूबाचा भाचा नांदेडला येऊन तुला भेटला, बैठकीचे पैसे देऊ म्हणाला, असं कानावर आलं. खरं असलं तरी मी रागावणार नाही. पण कळव. पाडव्याच्या आत कळव. नाही म्हणायचं असलं तरी कळव. टपालवाल्याच्या वेळेला मनकर्णा रोज दारात उभी राहते आणि मी विचारलं की म्हणते, आत लई उकडतंय.