मनातले मांडे आणि धुरपताबाईची वांगी

मु. टेंभरी, पो. अल्लीपूर
ता. १२ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप भाऊजींच्या चरणी मनोहरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त तो लेखीच समजावा). नालवाडीस आपण सर्व खुशाल असालच. ताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, एरंडाचं पान शेकून बांध आणि जिना भाऊजींना चढू दे. इकडे आमच्या सौ. कुंताबाईची प्रकृती उत्तम आहे. माझी कशी आहे ते पुढे येईलच.

दिवाळीत आपल्याकडे जेवताना जो वाद झाला तो आपण विसरला असाल, मी विसरलो नाही. सर्वांच्या संमतीनं चालणारं, दंड नाही, शिपाई नाही, असं राज्य माणसांना करता येईल, एवढंच मी म्हणालो होतो. त्यावर आपण ताटातल्या मांड्याकडे बोट दाखवून म्हणालात, "मनोहर, हा मांडा खा. तुझे ते मनातले आहेत." सगळे हसले. मी रागानं चौथा मांडा न घेता उठलो (तिसरा पोटात होता, म्हणून राग टिकला) आणि गाडीतच ठरवलं की भाऊजींना करून दाखवायचं. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर पंचवीस वर्षं काढलेला माणूस, रिकामा बसून तरी काय करणार?

गावी येताच चावडीत सभा बोलावली. मी सांगितलं की यापुढे बहुमत नको, कारण बहुमत म्हणजे एकावन्नांनी एकोणपन्नासांचं तोंड दाबणं. प्रत्येक घरातून एक हात, आणि सगळे हात वर झाले तरच ठराव. बाईचं घर असेल तर बाईचा हात. हे सर्वांना तत्काळ पटलं (आमच्या गावाला बोललेलं सगळं पटतं, अडचण पुढे असते). पहिला ठराव मोकाट जनावरांचा. कोंडवाडा नको, दंड नको. ज्याचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरेल त्याला सभा विचारील, आणि तो आपखुशीनं नुकसान भरून देईल. भराभर हात वर झाले. एकच राहिला. नाल्याकाठी वाडी करून अल्लीपूरच्या बाजारात भाजी विकणारी धुरपताबाई, एकटी बाई, आपल्या हाताकडे बघत बसली होती.

"अन् ज्याचं ढोर सुटन, त्यानंच हात वर नाई केला, तं मंग?" तिनं विचारलं.

मी हसलो. मग माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर पाऊण तास बोललो. शेवटी तिनं हात वर केला. पटलं म्हणून, की भाकरी टाकायची वेळ झाली म्हणून, हे तेव्हा मी विचारलं नाही.

आणि भाऊजी, खोटं सांगत नाही, दोन महिने ते राज्य चाललं. लहानूनं आपला गोऱ्हा साखळीनं बांधला. गोमाजी पाटलाच्या म्हशी तुरीत शिरल्या तर पाटील स्वतः टोपलं घेऊन भरपाई द्यायला गेला. मी आपणास मोठ्या अक्षरात कार्ड टाकलं (आपण उत्तर दिलं नाही, ते मी पराभव समजलो).

मग संक्रांतीनंतरच्या मंगळवारी आमची कपिला दावं तोडून सुटली आणि धुरपताबाईच्या वाडीत शिरली. बहरातले अकरा वाफे वांगी तिनं खाल्ली, उरलेली तुडवली. धुरपताबाईनं गाय माझ्या घरी आणली नाही. सरळ चावडीत आणून खांबाला बांधली आणि शेजारी बसली.

सभा भरली. मी भरपाई द्यावी म्हणून सगळ्यांचे हात वर झाले. माझा झाला नाही. का झाला नाही ते मला आजही सांगता येत नाही. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. मी म्हणालो, दावं हिंगणघाटच्या व्यापाऱ्यानं कुजकं दिलं. मग म्हणालो, वांग्यांना कीड होतीच. शेवटी म्हणालो की माझ्या मनाला पटत नाही आणि मनावर जबरदस्ती करणं आपल्या तत्त्वात बसत नाही. ठराव पडला. लोक घोंगड्या झटकून उठून गेले. घरी कुंताबाईनं ताट वाढलं आणि म्हणाली, "तुमचं राज्य आलं. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी लहानूचा गोऱ्हा सुटला. विचारायला गेलो तर अत्यंत आदरानं म्हणाला, "मनोहररावजी, बांधाले माह्या मनाले आजून पटून नाई राह्यलं." तिसऱ्या दिवशी पाटलाच्या म्हशी. चौथ्या दिवशी अख्खं गाव तत्त्वानं वागू लागलं, आणि धुरपताबाई पहाटेपासून काठी घेऊन उरलेल्या वाडीच्या बांधावर. स्वयंपाक नाही, बाजार नाही. मी तिकडे गेलो. शिव्या खायची तयारी करून तिच्याशेजारी बांधावर बसलो.

"राग कायचा, भाऊ?" ती म्हणाली. "वांगी परत येतीन. पन ह्या गावात मले कोनं कधी काई विचारलंच नोतं. तुमी म्हनलं हात वर कर, तं मले खरंच वाटलतं."

भाऊजी, आपल्या हसण्यानं मी नुसता उठून आलो होतो. ह्या बोलण्यानं मला उठताही येईना.

त्याच संध्याकाळी मी सभा बोलावली आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला. नवी वांगी धरेपर्यंत तिच्या वाडीचं पाणी मी ओढायचं ठरलं. मग धुरपताबाईनं नवा ठराव मांडला की ज्याचा गुन्हा, त्याचा हात मोजायचा नाही. तत्त्वाला हे बाधक आहे असं मी म्हणालो, पण तूर्त गुन्हेगार मीच असल्यामुळे माझा हात कोणी मोजला नाही. ठराव एकमतानं पास झाला. दुसऱ्या दिवशी जनावरं खुंट्याला होती. आपण म्हणाल, पाहा, मोडलं की नाही तुझं राज्य? मोडलं खरं. पण ते सांधायला पुन्हा तेच लोक, त्याच चावडीत, घोंगड्या अंथरून बसले. एवढं काही मला जेवताना सुचलं नव्हतं.

ताईस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला मेव्हणा
मनोहर

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. सभेनं धुरपताबाईला पंच नेमलं आहे, आणि वाचता येईपर्यंत कशावरही अंगठा उठवणार नाही असं ती म्हणते. तरी वर्ध्याहून मोठ्या अक्षरांची एक अंकलिपी आणि एक पाटी पाठवावी.

दुसरा ता. क. एक नको, पाच पाठवा. काल बांधावर कुंताबाई, शेजारची वच्छलाबाई आणि आणखी दोघी येऊन बसल्या. लहानूची सून चौथी शिकलेली आहे, ती शिकवते. मला विचारलं नाही. मी कावड घेऊन दोनदा जवळून गेलो आणि एक अक्षर चुकलेलं दाखवलं, तर पाणी सांडतं आहे म्हणाल्या.