खोडलेली ओळ

लातूर,
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. सृष्टी हिस,
शरणम्माचे अनेक आशीर्वाद.

नावावरून तू मला ओळखणार नाहीस. परीक्षेतली चार नंबरच्या खाटेवरची म्हातारी म्हटलं की ओळखशील, आणि ओळखल्याबरोबर पत्र फाडावंसं वाटेल. फाड, पण वाचून फाड.

मी सध्या लातुरात भाचीकडं, शिल्पाकडं, येऊन पडले आहे. ऊन लई तापलंय. शिल्पा आमटीत गूळ घालते, मला ते गोड वरण गिळवत नाही, पण पाहुण्यानं बोलू नये म्हणून गप खाते. चार ओळी लिहिल्या की धाप लागते, मग उशीला टेकते. काल सुरू केलेलं पत्र आज लिहून राहिले. देगलूरच्या शाळेत बत्तीस वर्षं पोरांची अक्षरं सुधारली आणि आता माझंच अक्षर कोंबडीचे पाय झालंय.

तुमच्याकडं बिलोलीला सगळे बरे आहेत ना? हरभरा काढून झाला असेल. वडील शेती करतात, एवढं तूच त्या दिवशी सांगितलं होतंस.

तुझा पत्ता चतुराबाईनं दिला. वॉर्डातली मावशी, दरवर्षी तुमच्या डॉक्टरकीच्या तोंडी परीक्षेला आम्हा जुन्या पेशंटांना फोन करून गोळा करते तीच. तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली, "मॅडम, ती चार नंबरची पोरगी नापास झाली बघा. गावाकडं जाऊन बसलीय. पुरवणी परीक्षेला बसणार न्हाई म्हणती. म्हणती, माझ्या हाताला काही कळतच न्हाई, मी कशाला डाक्टर व्हायचं."

ते ऐकलं आणि मी कागद घेऊन बसले गं.

माझ्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं आवळलेली आहे. छातीला स्टेथोस्कोप लावला की गडगड ऐकू येते, आणि शिकणाऱ्या पोरांसाठी ती गडगड फार चांगली म्हणे. म्हणून अकरा वर्षं मी परीक्षेला येते. समोरचं पोरगं घामाघूम झालेलं दिसलं की मी हळूच सांगते, "मायट्रल स्टेनोसिस म्हण रे, डावीकडची झडप आवळलीय." सगळेच जुने पेशंट सांगतात. माझ्या शेजारच्या खाटेवरचे शिवप्पा तर पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, किती बोटं वाढलीय तेही बोटं धरून दाखवतात. तिथल्या डॉक्टरांना हे कळत नसेल असं नाही, पण कोण बोलतंय? शाळेत कॉपीवाल्या पोरांचे कान पिळणारी मी, तिथं स्वतः कॉपी पुरवत होते. आणि लाज वाटायची सोडून छाती फुगायची. रिटायर झाल्यावर मला मॅडम म्हणणारं तेवढं एकच ठिकाण उरलं होतं.

तू आलीस तेव्हाही मी सुरू केलं. तू म्हणालीस, "आजी, सांगू नका. मला बघू द्या." अकरा वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. खरं सांगते, मला रागच आला. म्हटलं, लई शहाणी दिसते.

तू मनगट धरून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजलंस. मग छातीवर एक मिनिट. मग परत मनगट. तुझ्या कपाळाला आठी पडली आणि तू कागदावर लिहिलंस. मी चष्मा चढवून डोकावले. इंग्रजीत होतं, पण तेवढं मला वाचता येतं. नाडी अनियमित. मनगटावर ९२, छातीवर ११६.

मी म्हणाले, "हे खोड. असलं आजपर्यंत कुणी लिहिलं नाही. माझी नाडी घड्याळासारखी चालते. सर चिडतील."

तू म्हणालीस, "पण आजी, माझ्या हाताला लागतंय."

मग मी वर्गातला आवाज काढला. "माझं शरीर मला माहीत का तुला? खोड म्हटलं ना!"

आणि तू खोडलंस. त्या आवाजापुढं सातवीतली दांडगी पोरंसुद्धा खोडायची, तू तर परीक्षेनं अर्धी झालेली पोर.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी विचारलं, "पल्स?" तू म्हणालीस, "रेग्युलर, सर." त्यांनी माझं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग तुझा कागद बघितला. "हे लिहून का खोडलं?" तू माझ्याकडं बघितलंस, एकदाच. मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. तू म्हणालीस, "माझी चूक झाली, सर."

ते म्हणाले, "स्वतःच्या बोटांवर विश्वास नसेल तर तुमच्या हाती पेशंट कसा द्यायचा?"

आणि मी पदर सारखा करत बसले. दोन शब्द बोलायचे होते, "सर, मी सांगितलं तिला." तोंडात आले होते. नाही बोलले. बाकीच्या पेशंटांसमोर, चतुराबाईसमोर माझी मॅडमकी जाईल, एवढ्यासाठी नाही बोलले.

इथं थांबले होते. शिल्पानं कॉफी दिली. आता उरलेलं लिहिते, नाहीतर पत्र असंच उशीखाली राहील.

सृष्टी, मला माहीत होतं. दिवाळीपासून छातीत धडधड व्हायची, मधेच ठोका चुकायचा, जिना चढताना कठड्याला धरावं लागायचं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भरती केलं असतं, छाती उघडली असती. माझी आई, पार्वतम्मा, ऑपरेशनला गेली ती परत आली नाही, तेव्हापासून मी त्या शब्दाला भिते. तू ते कागदावर लिहिलंस आणि मला धडकी भरली. लिहिलेलं राहिलं तर खरं होईल, असं वाटलं. शिकलेली बाई मी, आणि अक्कल बघ! माझी भीती लपवायला मी तुझा हात खोटा पाडला.

त्या सरांनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन माझी हृदयाची पट्टी, ईसीजी, काढायला लावली. मग मला लातूरला आणलं. परवा इथल्या डॉक्टरीणबाईंनी मोजलं. मनगटावर ९०, छातीवर ११८. काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत म्हणे. मी त्यांना म्हटलं, एका पोरीनं हे आधीच काढलं होतं. त्या म्हणाल्या, "मग त्या पोरीचा हात चांगला आहे." हृदयात रक्ताची गुठळी झालीय. ती सुटून मेंदूत गेली असती तर अर्धं अंग गेलं असतं. पट्टीची झेरॉक्स सोबत जोडते आहे. मला त्यातलं काही कळत नाही, तुला कळेल.

तुमच्या विभागप्रमुखांना मी सगळं खरं लिहून पाठवलं. त्यांचा फोन आला. मार्क आता बदलत नाहीत म्हणाले. पुढच्या परीक्षेपासून पेशंटांनी तोंड उघडायचं नाही अशी ताकीद निघालीय, म्हणून चतुराबाई माझ्यावर फुगलीय. फुगू दे.

मंगळवारी ऑपरेशन आहे. झडप बदलणार, म्हणजे अकरा वर्षांची ती गडगडही जाणार. मला भीती वाटते, खूप वाटते. दमलेही आहे. आता दुरुस्त करायला हातात फारसं काही उरलेलं नाही, तुझी ती खोडलेली ओळ तेवढी आहे. तू पुरवणीला बस बाळ. माझ्यावर राग धर, आयुष्यभर धर, पण तो तुझ्या हातावर काढू नकोस. आणि मी उठून बसले तर एकदा ये. मनगट पुढं करीन, तोंड उघडणार नाही.

शाळेत माझ्याकडून चुकून एखाद्याचं बरोबर उत्तर खोडलं गेलं तर मी ते पुन्हा लिहून खाली लाल शाईनं सही करायची. लाल पेन शिल्पाच्या पोराकडून मागून घेतलाय.

नाडी अनियमित. मनगटावर ९२, छातीवर ११६.

बरोबर.

शरणम्मा