पन्नी शेवटी काढू

१९ फेब्रुवारी

काजलने आज चहाच्या वेळी जाहीर केलं. मार्चअखेर दवाखान्यातली नोकरी सोडणार आणि स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक टाकणार. जागा, आपलं गॅरेज. दिवस, चौदा एप्रिल. दिवसाबद्दल विचारायचं कामच नाही.

गॅरेज बांधलं तेव्हा कार घ्यायची होती. कार राहिली, गॅरेज आहे. सध्या त्यात स्कूटर, कूलर आणि सुलोचनाची ज्वारीची कोठी. भिंतींना ओल, हात लावला की पोपडे पडतात. काजलला स्वच्छ, पुसता येणाऱ्या भिंती पाहिजेत. मी म्हटलं, पत्र्याचं पॅनेलिंग करू. पांढरा पत्रा, कडेनं पट्ट्या, एकदम कॉर्पोरेट. तिला आवडलं. म्हणाली, मुकेशले सांगू, तो दोन दिवसात करून देते. मुकेश म्हणजे नागपूर रोडवरचा फॅब्रिकेशनवाला.

म्हटलं, तेहतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली मी. माझ्या घरात मुकेश काऊन पाहिजे? सुलोचना म्हणाली, खात्यात तुमी आवक-जावक पाहत होते. आवक-जावक होती कशाची? बांधकामाचीच ना!

उद्यापासून सुरुवात.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुरुवात. मधले दिवस विचारात गेले.

मोजमाप घेतलं. स्टीलचा टेप सापडला नाही, म्हणून सुलोचनाच्या शिलाईच्या टेपने घेतलं. टेप कापडी, जरा ताणला जातो. पत्रा ताणला जात नाही. दोन्ही मिळून बरोबर येईल.

काजलने परत मुकेशचं नाव काढलं. म्हटलं, बापावर विश्वास ठेव. ती हसली. तशी पोरगी चांगली आहे.

इथे कोणी वाचत नाही म्हणून खरं कारण लिहून ठेवतो. क्लिनिक घरी झालं तर पोरगी घरी राहील. नाहीतर आधी नागपूर, मग पुणे, मग रविवारचा व्हिडिओ कॉल. तिच्या भावाचं, अश्विनचं, तसंच झालं. तोही चांगला मुलगा आहे, फक्त मोबाइलएवढा दिसतो. त्यामुळे या भिंती मीच करणार. चांगल्या करणार.

२ मार्च

पत्रे आले. मुकेशच्याच टेम्पोतून. दोन्ही बाजूंनी निळी पन्नी चिकटवलेली. नवीन मालाची शान असते ती.

जाताना मुकेश म्हणाला, साहेब, लावायच्या आधी पन्नी काढून घेजा, उन्हानं चिटकून जाते. मी मान हलवली. लोकांना वस्तू जपायची सवय राहिली नाही. आमच्या फ्रिजच्या हँडलवरची पन्नी दहा वर्षांपासून आहे. हँडल नवंकोरं. टीव्हीचा रिमोट पन्नीत. रिटायरमेंटला मिळालेलं घड्याळ, त्याच्या काचेवर पन्नी. वेळ दिसते, थोडी धुकट.

ठरलं. पन्नी शेवटी काढू. उद्घाटनाच्या दिवशी, काजलच्या हाताने. रिबिन कापण्यापेक्षा वेगळी आयडिया आहे. टाळ्या पडतील.

५ मार्च

ड्रिल. दिवसभरात चार भोकं.

चौथ्या भोकानंतर लाइट गेली. खिडकीतून पाहिलं तर शेजारी किसनरावाकडे पंखा फिरत होता. फक्त आपली गेली. वायर भिंतीत कुठून जाते हे बांधणाऱ्याने लिहून ठेवायला पाहिजे होतं.

रात्री उजवा खांदा जरा धरल्यासारखा. गादी जुनी झाली. बदलावी लागेल.

९ मार्च

मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. तीन भागांत आहे. पहिल्या भागात एक माणूस नुसत्या पट्ट्या हातात घेऊन बोलतच राह्यला. पट्टी म्हणजे साडीचा काठ, शेवटचं काम. सोडून दिला. दुसऱ्यापासून पाहिला.

आता सगळं डोक्यात क्लिअर आहे.

१६ मार्च

पहिली भिंत उभी राहिली!!

लोखंडी पाइपची फ्रेम, वरून पत्रा, स्क्रू. शेवटच्या पत्र्याच्या कडेला फट राहते, खाली बोटभर, वर चार बोटं. घर वाकडं आहे हे आज कळलं. इतकी वर्षं राहतो, कोणी बोललं नाही.

सुलोचना पाहायला आली. म्हणे, निळी काऊन केली? म्हटलं, ती पन्नी आहे, आतून पांढरी. म्हणे, आतलं कोण पाहून राह्यलं? या बाईला थोडी वाट पाहता येत नाही.

एक किरकोळ गोष्ट. डोक्याच्या वर हात नेऊन ड्रिल धरलं की खांद्यातून कळ जाते. कूलरची हवा लागली असेल. (कूलर अजून सुरू केला नाही. पण बाहेर काढला होता.)

२४ मार्च

काम नाही. नियोजन केलं. झोप लागली.

३१ मार्च

काजलचा नोकरीचा शेवटचा दिवस. केक घेऊन आली. आता मागचा रस्ता बंद, असं म्हणाली, हसत. 

म्हणून उत्साहाने पट्ट्या लावायला घेतल्या. कोपऱ्याची पट्टी पत्र्यावर ठेवली तर बसेना. हातोडी मारली तर वाकली. शेवटी व्हिडिओचा पहिला भाग पाहिला. पट्ट्या आधी लावायच्या असतात. पत्र्याची कड पट्टीच्या खाचेत जाते. तो माणूस हेच बोलत होता, पण किती हळू बोलावं माणसाने!

म्हणजे पूर्ण भिंत परत उतरवायची. वैतागलो. खरंच वैतागलो. केक मात्र चांगला होता.

४ एप्रिल

क्लिनिकचा बेड आणि दोन मशीन आल्या. गॅरेज तयार नाही म्हणून हॉलमध्ये ठेवल्या. टीव्ही आता बेडच्या पायांमधून पाहावा लागतो. बेडवर जाड पन्नी आहे. कोणी काढू नये अशी सर्वांना सूचना दिली. सर्व म्हणजे सुलोचना. ती बेडवर गहू निवडत होती.

९ एप्रिल

भिंत उतरवली. स्क्रू कोठीखाली गेले. कोठी सरकवताना खांद्याने साफ नकार दिला.

आजकाल भांग डाव्या हाताने पाडतो. मेंदूला व्यायाम होतो म्हणतात. सुलोचना म्हणाली, तुमचं दुखून राह्यलं, पोरीले दाखवा. पोरीला काय दाखवू? बाप भिंत करतो म्हणाला आणि हातच उचलत नाही, हे? भिंत झाली की आपोआप बरा होईल. टेन्शनचा खांदा आहे हा.

१३ एप्रिल

उद्या होत नाही.

चहाच्या वेळी काजलला समजावलं. चौदाला डीजे असतो, रस्ते बंद, पेशंट येणार कुठून? त्यापेक्षा बुद्ध पौर्णिमा शांत दिवस. ती म्हणाली, बरं. नुसतं बरं. भांडली असती तर उत्तर तयार होतं माझं.

१४ एप्रिल

जयभीम! अख्खं सिंदी मेघे निळं. पांढरा शर्ट घालताना सुलोचनाची मदत घ्यावी लागली. बाही अरुंद शिवली आहे.

मिरवणुकीत घोषणा झाली, सगळ्यांचे उजवे हात वर. माझा डावा. काजल समोरच उभी होती. माझ्याकडे पाहतच राह्यली. नंतर विचारलं, बाबा, डावा काऊन? म्हटलं, उजव्या हातात बुंदीचा द्रोण होता. खरंच होता. लगेच घेतला मी.

त्यानंतर ती तासभर कुठेतरी गेली होती. कुठे ते विचारलं नाही.

२२ एप्रिल

पुलगावला साळ्याच्या, म्हणजे प्रफुल्लच्या, पोराचं लग्न. पाच दिवस गेले. काम सामाजिक कारणाने थांबलं. तिकडे सगळ्यांना सांगितलं, घरी पॅनेलिंग सुरू आहे, स्वतः करतो. लोक फार इम्प्रेस झाले. एकाने विचारलं, किती झालं? म्हटलं, पंचवीस टक्के. चार भिंतींतली एक, उतरवलेली. हिशोब चुकीचा नाही.

२ मे

पंचेचाळीस डिग्री. शटर पश्चिमेच्या भिंतीत. दुपारी चारनंतर गॅरेजमध्ये पापड भाजून निघतील.

तरी केलं. आधी पट्ट्या, मग पत्रा. डाव्या हाताने ड्रिल, उजव्याने फक्त लक्ष. पहिली भिंत दुसऱ्यांदा उभी राहिली. वरच्या चार बोटांच्या फटीवर रुंद पट्टी बसली. देखणी दिसते. मी एकटाच टाळ्या वाजवणार होतो, पण हात वर येत नाही.

मग वाटलं, एक कोपरा उघडून पाहावा. नखाने पन्नी ओढली. नखाएवढीच निघाली. परत ओढली. परत तेवढीच.

३ मे

पन्नी निघत नाही.

खोबरेल तेल. रॉकेल. गरम पाण्याचं फडकं. सुलोचनाचं उलथणं (तिला सांगितलं नाही). जिथे निघाली तिथे पांढरं, बाकी निळं, मध्ये उलथण्याचे ओरखडे. भिंतीला खरूज झाल्यासारखी दिसते.

मुकेशला फोन केला. म्हणाला, साहेब, मी म्हणलं होतं ना, लावायच्या आधी... पुढचं वाक्य त्याने गिळलं. चांगला माणूस आहे. बाकीच्या पत्र्यांची पन्नी आजच काढा म्हणाला. ते पत्रे अंगणात उन्हातच उभे आहेत. दोन महिने झाले.

कूलरसमोर बसून राहिलो. 

६ मे

संध्याकाळी काजल गॅरेजमध्ये आली. स्कूटरच्या सीटवर बसली. भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, बाबा, आर्वी नाक्यावर एक रूम घेतली, पौर्णिमेले तिथंच सुरू करतो. तुमी नाराज नका होजा.

मी म्हटलं, छान. रस्त्यावर आहे, पेशंटला पार्किंग मिळेल. कधी पाहिली? म्हणे, चौदा एप्रिललेच पाहून ठेवली होती. तुमी मन लावून करून राह्यले होते, म्हणून सांगितलं नाई.

म्हणजे तीन आठवडे मी तिच्यासाठी भिंत करत होतो, आणि ती माझ्यासाठी गप्प होती.

मले वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवलं, झालं. जेवलो नाही. नंतर सुलोचनाने दूध-पोळी कुस्करून दिली, ती खाल्ली.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

उद्घाटन. छोटी रूम, साध्या पांढऱ्या रंगाच्या भिंती. ओल नाही. मी हात फिरवून पाहिला, डावा. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, पेढे वाटले. किसनरावही आले.

बेडवरची पन्नी तशीच होती. मी म्हटलं, राहू दे, कव्हर खराब होईल. काजलने एका टोकाला धरली आणि टर्रकन ओढून काढली. एका झटक्यात. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तर ती माझ्याकडेच पाहत होती. म्हणाली, या बाबा, बसा. म्हटलं, पेशंटला बसू दे. म्हणे, पेशंटलेच सांगून राह्यली.

सगळ्यांसमोर बसलो. किती दिवसांपासून दुखते? म्हटलं, दोन-तीन दिवस. मागून सुलोचना म्हणाली, मार्चपासून, झोपेत कण्हतात. पोरीने हात धरला, हळूहळू वर नेला. छातीपर्यंत आला आणि अडला. तिथे मी जे ओरडलो त्याने किसनरावांचा पेढा खाली पडला.

फ्रोझन शोल्डर म्हणाली. वर्ध्यात, मे महिन्यात, फ्रोझन.

व्यायाम सांगितला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवरून चालवत हात वर न्यायचा, दुखेल तिथे थांबायचं, परत. रोज, काही महिने. मी विचारलं, गॅरेजमधली पत्र्याची भिंत चालेल का? तेवढाच उपयोग. म्हणे, नाई, पत्र्यावर बोटं घसरतात. साधी भिंत पाहिजे, खरबरीत. आपल्याकडे हाय ना, तीन-तीन.

१३ मे, सकाळ

गॅरेज. मुकेशला निरोप दिला, उरलेले पत्रे घेऊन जा.

ज्वारीची कोठी सरकवली, सुलोचनाने. समोरच्या भिंतीपाशी उभा राहिलो. काजल क्लिनिकला जायच्या आधी मागे येऊन थांबली, मी अंगचोरी करतो का ते पाहायला. रोज थांबीन म्हणाली, तुमचा भरोसा नाई. बोटं वर नेली. पोपडे पडले. खांद्यापर्यंत पोचलो आणि अडलो. तिने तिथे पेन्सिलने रेघ मारली. फारच खाली आहे.

जाताना म्हणाली, बाबा, या भिंतीले काही करू नका.

म्हटलं, नाही करत. या वेळी शब्द पाळता येईल असं वाटते.