रेंगी, मोटार आणि दोन गडवे

अमरावती, ५ फेब्रुवारी १९३६

धुतल्या सदऱ्यावर चहा सांडला. पहिला घोट घेणार तोच दारात भोंगा वाजला – रेड्याच्या नरड्यात पिपाणी अडकावी तसा. या गुन्ह्याला पिनल कोडात कलम नाही, हे सरकारचं सपशेल अपयश! गुन्हेगार आमचे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे, चांदूर बाजारचे खुशालराव. अकोल्याच्या कापूस-जिनवाल्यानं टाकून दिलेली मोटार घेतल्यापासून आधी भोंगा वाजवतात, मग नमस्कार करतात.

निरोप असा – शालूला सातवा लागला. बाळंतपणाला तिला मोटारीनं पोचवून देतो. मी म्हटलं, लेकीला आणायला माहेरची गाडी जात असते. आमची बैलांची रेंगी येईल.

"तुमची रेंगी पोचेपर्यंत नातू शाळेत जाईन, इवाईबुवा."

"अन् तुमच्या मोटारीत बसला तं जन्माच्या आधीच ढकलाले शिकन."

७ फेब्रुवारी

तुलना लिहून ठेवतो. रेंगी बाबांच्या वेळची. हिच्यातूनच वच्छला नवरी होऊन आली. चाकं कुरकुरतात, पण बैलांना घर ठाऊक आहे. हाकणारा झोपला तरी चालतं. मोटार अठरा सालची. दांडा फिरवल्याशिवाय सुरू होत नाही – आणि ती सुरू झाली की खुशालराव बंद होत नाहीत.

वच्छला एवढंच म्हणाली, "कायच्यातही आना. पोरीले दचका नोको."

मागल्या खेपेला शालूचं पाचव्या महिन्यात गेलं. 

चांदूर बाजार, १० फेब्रुवारी

रेंगी घेऊन आलोच. वाद शास्त्रानं मिटवायचं ठरलं. दोन्ही गाड्यांच्या बैठकीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला एकेक गडवा, बाजारापासून नाक्यापर्यंत फेरी. मोटारीतलं निम्मं पाणी सांडलं. रेंगीतलं थोडंच! मी गडवा मिरवत अंगणात आलो. तिथं आमच्या इहीनबाई, म्हणजे खुशालरावांच्या पार्बताबाई, उभ्या.

"पान्याले इचारून झालं? आता पोरीले इचारा."

शालू खांबाला धरून उभी होती. "बाबा, मले कोठीच नाही जाचं. मागच्या वक्ती मी कोन्या गाडीत बसली होती? घरातच होती, तरी गेलं. मले भेव लागते. आईलेच इथं धाडा."

पहिलं बाळंतपण सासरी? लोक काय म्हणतील – ओठावर आलं होतं. खुशालरावांच्याही आलं असावं. दोघंही आपापल्या गडव्याकडे बघत राहिलो.

"लोकाइचं बाळंतपन नाही करून राहिलो आपन," पार्बताबाई म्हणाल्या. झालं.

अमरावती, १२ फेब्रुवारी

वच्छला गेली. मोटारीनं! नवरी होऊन आलीस त्या रेंगीचा मान ठेव, म्हटलं. "तवा मले घाई नोयती," म्हणाली.

चांदूर बाजार, १८ एप्रिल

मुलगी झाली. दोघी खुशाल. खुशालराव न्यायला आले, मोटारीतच बसलो. रस्त्यात दचके बसले असतील. आठवत नाही.

३० एप्रिल

बारसं. मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवत नाहीत. लग्न झाल्यापासून दर खेपेला पार्बताबाई ताट वाढायच्या, मी हात जोडून उठायचो. आज कोणी बोलवायच्या आत पानावर जाऊन बसलो. भाकर मागून घेतली.