झाकणावर दोन टिचक्या

९ मे १९९४
आलो एकदाचा. प्रजनन केंद्रामागचा ट्रेलर, चाकांवरची खोलीच ती, मला राहायला दिलाय. स्टोव्ह पेटतो, छत गळत नाही, खिडकीतून नुसतं गवत आणि वारा. राजा आहे मी. एका जुन्या यंत्रावर तीस वर्षांपूर्वी बोअरवेल मारायला लागलो, सहा यंत्रं केली, गेल्या वर्षी सगळी विकली. आता साठाव्या वर्षी काळ्या पायांच्या फेरेटांची राखण. गावातल्या हॉटेलात माझा जुना दोस्त व्हर्ल सगळ्यांसमोर म्हणाला, ऑर्विल, मुंगसाएवढ्या जनावराची आया झालास म्हण की.

थिया इथली मुख्य. माझ्या मुलीच्या वयाची, पण जरब अशी की मी आपोआप टोपी काढली. तिने नियम सांगितले. आत जाण्याआधी अंघोळ, केंद्राचे कपडे, तोंडावर मास्क. सर्दी झाली तर चौदा दिवस फाटकाबाहेर, कारण आपली साधी सर्दी या जनावरांचा जीव घेते. आणि जनावराच्या घरट्याच्या पेटीचं झाकण काढण्याआधी नखाने दोन टिचक्या मारायच्या. आतल्याला कळावं, कुणीतरी येतंय. दचकू नये.

१३ मे
एकोणचाळीस नंबरची मादी व्याली. तिच्या वंशातली ही शेवटची. बाकीचे रानात प्लेगने गेले. पहिले दहा दिवस झाकण काढायचं नाही, आई बिथरून पिल्लं खाते. फक्त ऐकायचं आणि मोजायचं. थियाने पेटीला डॉक्टरची नळी लावली, तिला तीन ऐकू आली. मी पेटीला कान टेकला. चार. चौथ्याचा आवाज अगदी बारीक, वंगण मागणाऱ्या चाकासारखा. यंत्राच्या घरघरीवरून खडकाखालचं पाणी ओळखलंय मी, हे काय अवघड! थिया म्हणाली, तुमचे कान आता सरकारजमा. दिवसभर शीळ घालत होतो.

१७ मे
घसा खवखवतोय. धूळ असेल. सांगितलं तर चौदा दिवस बाहेर, मग पिल्लं मोजणार कोण? आणि व्हर्लचं तोंड कोण बंद करणार? गप्प राहिलो. ऐकताना मास्कची नाडी कानावर घासते, म्हणून जरा खाली ओढला. शिंक आली ती बाहीत घेतली. चार.

२० मे
तीनच ऐकू आली. आत मादी शिंकतेय. थियाने एकेकाला विचारलं, कुणाला बरं नाही का. मला विचारलंच नाही. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

२१ मे
एक. तो बारीक आवाजाचा.

२२ मे
शांत. दुपारी थियाने दोन टिचक्या मारल्या आणि झाकण काढलं. आई गार, आणि तिच्या कुशीत पिल्लं. हातमोज्याने एकेक उचलून तिने मोठ्याने मोजलं.

“तुमचे कान बरोबर होते, ऑर्विल,” ती म्हणाली. “चारच होती.”

पेटी ब्लीचने धुऊन उन्हात उपडी घातली.

२४ मे
भर दुपारी त्या पेटीजवळून गेलो. चाक वंगण मागत होतं. पेटी सुलटी केली. आत काही नाही. थियाने बराच वेळ कान दिला, मग म्हणाली, वारा आहे, तुम्ही जरा पडा. जाता जाता सांगून गेली की सर्दी कुणाकडून आत गेली, तिथे अहवालात ती स्वतःचंच नाव लिहिणार आहे. म्हणे, मास्क तिचाच सैल असणार. नोकरी जाईल तिची. मी मान हलवली. फक्त मान हलवली.

२५ मे
आवाज ट्रेलरच्या जमिनीखालून. चार. व्हर्लला बोलावून आणलं. तो गुडघ्यांवर बसून वाकला, म्हणाला, अरे बाबा, कोरडी माती आहे, तुझे कान म्हातारे झाले. तो बोलत होता तेव्हाही — चार.

२६ मे
आता खाली नाहीत. आत आहेत. पलंगाशी.
पाच.
पाचवा मोठा, घरघरता. मी श्वास रोखला — पाचवा थांबला. सोडला —
पाचवा मी आहे.

२७ मे
सकाळचे दहा. खिडकीत अंधार. दार ढकललं, हलत नाही. ब्लीचचा वास. उजवीकडे काहीतरी उबदार, टेकून —
थियाला द्यायला लिहून ठेवतो. थिया, मास्क तुझा सैल नव्हता. सर्दी मला होती. सतरा तारखेला मी मास्क खाली —
चौघं गप्प झाली. एकदम.
वर छतावर नख. एक.
दोन.
दचकायचं नाही. दचकायचं ना —