बातमीची लोकर

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या धाकट्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त मनातल्या मनात, सुटली की एक प्रत्यक्ष घालीन). तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून त्यांना दटावतेस का? इकडे सगळं ठीक. ही बरी आहे, बाबा बरे आहेत, मोरीतला नळ गळतो आहे. माझी नोकरी गेली. बाकी विशेष काही नाही.

हे वाचून तू कपाळाला हात लावला असशील तर तो आधी खाली घे. पत्र दोन्ही हातांनी धरून वाचावं, म्हणजे तुझ्या आईच्या नियमात बसेल. माझ्या बाबतीत तो नियम पाळला गेला नाही आणि त्याचा परिणाम वाईट झाला. साहेबांनी मला बोलावलं, बसवलं, चहा सांगितला आणि चहा यायच्या आधीच सांगून टाकलं की कारखान्याचे नवे वजनकाटे आपले आपणच वजन तपासतात, तेव्हा आमचा तपासणी विभाग बंद. चहा आधी आला असता तर निदान हातात कपबशी असती. मला काही सुचेना, म्हणून मी टेबलावरचं जे पहिलं हाताला लागलं ते धरलं. ते लोखंडी वजन होतं, चांगलं मोठं. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. मला कुणाला मारायचं नव्हतं गं, मला नुसतं काहीतरी धरायचं होतं. पण हे समजावून सांगेपर्यंत रखवालदार आला आणि त्याने वजन काढून घेऊन मला फाटकापर्यंत सोबत केली.

आजी असती तर हे असं झालं नसतं. (तुला सगळं ठाऊक आहे, पण हल्ली माझ्याकडे वेळ भरपूर असल्यामुळे मी माहीत असलेल्या गोष्टीही सविस्तर सांगतो.) रिकाम्या हातांच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, हा तिचा कायदा. 'हात पुढे कर' म्हणायची, दोन्ही हातांवर लोकरीची लडी चढवायची आणि स्वतः गुंडा करत, नजर गुंड्यावरच ठेवून, जे असेल ते सांगून मोकळी व्हायची. हातांवर लडी असली की माणसाला कपाळ बडवता येत नाही, उठून जाता येत नाही, दार आपटता येत नाही. उलट दर फेऱ्याला एकदा हा अंगठा आणि एकदा तो अंगठा वाकवावा लागतो, नाहीतर गुंता होतो आणि वर बोलणी बसतात. लडी संपेपर्यंत माणूस अर्धा सावरलेला असायचा. उरलेल्या अर्ध्याचा ती स्वेटर विणायची. त्यामुळे आपल्या घरातला एकूण एक स्वेटर कुठल्या ना कुठल्या संकटाचा आहे. माझा मोरपंखी सातवीत नापास झाल्याचा, काकाचा करडा दुकान बुडाल्याचा, आणि तुझा तो पोपटी ठरलेलं लग्न मोडल्याचा. तोच घालून तू पुढे आतोबांच्या नजरेत भरलीस (हे आतोबांना सांगितलं नसशील तर पत्राचा एवढा भाग दुमडून ठेव). शेजारीपाजारी म्हणायचे, काय हौस आहे या घराला लोकरीची. आम्ही हो हो म्हणायचो.

आजोबांच्या वेळी तिने एकच लडी तुझ्या एका आणि बाबांच्या एका हातावर चढवली होती, असं बाबा सांगतात. एकाने हात सोडला असता तर दुसऱ्याकडे गुंता झाला असता, म्हणून दोघेही नीट बसून राहिलात. तिच्या स्वतःच्या वेळी तिने मला बसवलं. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं, गुंडा माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाली, याचा स्वेटर आता तुझा तू बघ. मला तिची आठवण येते, आत्या. सरळच सांगतो, फार येते.

तर मुद्दा असा की बाबांना नोकरीचं अजून सांगितलेलं नाही. त्यांची उभी हयात त्या कारखान्यात गेली. अजूनही भाजी घेताना ते आधी काट्यावरचं नाव वाचतात आणि मग भाजी बघतात. आपला निघाला तर घासाघीस करत नाहीत. मी चिकटलो तेव्हा म्हणाले होते, चला, आता तिथे आपलं कुणीतरी राहील. अशा माणसाला काय तोंडाने सांगू? म्हणून कंबर धरली आहे, रजेवर आहे, अशी थाप मारली. लगेचच कंबर खरोखरच धरली. खोटं बोलायचं तर निदान स्वतःचा अवयव पुढे करू नये.

शेवटी आजीचाच मार्ग धरायचा ठरवला आणि लोकरीच्या दुकानात गेलो. दुकानदारीण म्हणाली, लड्या आता येत नाहीत, तयार गुंडेच येतात. मी म्हटलं, मला गुंडा नको आहे, मला तो करायचा आहे. तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पिशवी काउंटरवरून लांबूनच सरकवली. घरी येऊन दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि तयार गुंडा सोडवून त्यांच्याभोवती लडी केली, का तर तिचा परत गुंडा करता यावा. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, नवी नोकरी शोधायला एवढे कष्ट घेतले असतेस तर. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बाबांनी लडी पाहिली मात्र, चष्मा काढून ठेवला आणि हात पुढे केले. मी गुंडाळायला लागलो. बाबा, एक सांगायचं होतं, म्हटलं. सांग, म्हणाले. मी म्हटलं, मोरीतला नळ गळतोय. त्यांचा अंगठा क्षणभर थांबला. माहीत आहे, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लडी केली आणि समोरचे भाडेकरू जागा सोडताहेत एवढं सांगितलं. त्यानंतर कोपऱ्यावरचा न्हावी म्हातारा झाल्याचं. आता आमचा हा नेमच झाला आहे. खाणं झालं की बाबा स्वतःच विचारतात, आज लोकर नाही का? गुंडाळून गुंडाळून लोकर मांजरासारखी पिंजारली आहे, आणि मी या गल्लीतल्या सगळ्यांच्या अडचणी त्यांना सांगून बसलो आहे. माझी तेवढी राहिली.

आतोबांना नमस्कार. तुझी प्रकृती जप.

तुझा भाचा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. तू चार दिवस इकडे ये आणि बाबांना तूच सांग. तुझा हात लडीवर बसलेला आहे आणि तुझ्यावर ते रागावत नाहीत.

आणखी एक ता. क. येऊ नकोस, गरज उरली नाही. मघाशी लडी अर्धी झाली असताना बाबा म्हणाले, त्या रखवालदाराचा मला त्याच दिवशी फोन आला होता, साहेबाला वजन फेकून मारणार होतास काय रे? मी विचारलं, मग रोज हात पुढे करून का बसत होतात? तर म्हणाले, तुला सांगता यावं म्हणून. कारखान्याबद्दल एवढंच बोलले की काटे मात्र आपले चांगले होते. मी गुंड्याकडेच बघत राहिलो. आजी कुणाच्या तोंडाकडे का बघत नसे ते आज समजलं.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा आले आहेत. खुर्च्या लावून त्यांनी स्वतः लडी केली आहे, माझ्यापेक्षा सुबक. समोर बसलेत आणि म्हणताहेत, ते पत्र ठेव बाजूला, आता तू हात पुढे कर. काय सांगणार आहेत मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल तर लिहून कळवत बसू नकोस, निघून ये. मला आता दोन्ही हात लागतील, म्हणून इथेच थांबतो.